पहारा कोणाच्या हुकमाने?

7 ऑक्टोबर 2023 नंतर आपल्या देशात शहरोशहरी नव्या ‘कितोत कोनेनुत’ उभ्या राहिल्या. आमच्या वस्तीतले तरुणही तेव्हा म्हणू लागले, की पोलिसांची वाट कशाला बघायची? चारचौघांनी मिळून आपणच पहारा सुरू करू. शब्बाथची प्रार्थना आटोपून सिनेगॉगच्या अंगणात मंडळी उभी असताना हा विषय निघाला आणि एकाने आम्हाला विचारले, “मास्तर, असे दल काढणे कायद्यात बसते का?” आम्ही वकील नव्हे. पण या प्रश्नाचे उत्तर बरेचसे इतिहासातच आहे आणि त्यातला काही भाग आपल्या पिढीने जगून पाहिला आहे. म्हणून हा लेख.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. कोणी अंगावर धावून आला, तर स्वतःचा व शेजाऱ्याचा जीव वाचवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मुंबईत आपण ज्या कायद्याखाली वाढलो त्या 1860 च्या भारतीय दंडविधानात 96 ते 106 ही कलमे याचसाठी होती, आणि इस्राएलच्या कायद्यातही हा हक्क आहे. पण तो संकटाच्या क्षणापुरता. संकट येण्याआधी माणसे जमवणे, त्यांना शस्त्रे देणे, म्होरक्या नेमणे आणि रस्त्यावर गस्त घालणे ही गोष्ट निराळी. तिथे कायदा विचारतो: हे कोणाच्या हुकमाने?

एप्रिल 1920 मध्ये पेसाहच्या दिवसांत यरुशलेममध्ये दंगल उसळली. झेएव जाबोतिन्स्की यांनी तिच्या आधीच स्वसंरक्षणाचे पथक उभारले होते. ते लपूनछपून उभारलेले नव्हते. इंग्रज अधिकाऱ्यांना त्याची माहिती होती आणि त्यांच्याकडे शस्त्रांची परवानगीही मागितली होती. ती मिळाली नाही. दंगल शमल्यावर जाबोतिन्स्की आणि त्यांच्या साथीदारांनाच पकडले. लष्करी न्यायालयाने जाबोतिन्स्कींना पंधरा वर्षांची शिक्षा ठोठावली आणि अक्को येथील तुरुंगात धाडले. जुलैमध्ये नवे हायकमिशनर हर्बर्ट सॅम्युएल यांनी माफी दिली म्हणून ते सुटले. त्याच वर्षी जूनमध्ये ‘हगाना’ स्थापन झाली, ती मात्र गुप्तपणे. सरकार रक्षण करत नाही आणि उघडपणे रक्षण करूही देत नाही, हा धडा लोकांनी घेतला होता.

1936 मध्ये अरबांचे बंड सुरू झाले आणि त्याच इंग्रज सरकारला यहुदी पहारेकऱ्यांची गरज भासू लागली. ‘नोत्रीम’ नावाचे पोलीस भरती झाले. त्यांना गणवेश, बंदूक व परवाना मिळाला. त्यांतले पुष्कळजण हगानाचेही सभासद होते. दिवसा सरकारी बंदूक खांद्यावर आणि रात्री लपवलेली बंदूक हातात, असा प्रकार चालला.

मोशे दायान हे त्यांपैकीच एक. नोत्रीमच्या फिरत्या पथकात त्यांनी काम केले होते. ऑक्टोबर 1939 मध्ये हगानाच्या प्रशिक्षणवर्गातले 43 तरुण बेकायदा शस्त्रांसह पकडले गेले, त्यांत दायानही होते. बहुतेकांना दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि फेब्रुवारी 1941 मध्ये ते सुटले. माणूस तोच, गाव तेच, ज्यांचे रक्षण करायचे तेही तेच; फरक इतकाच की एका वेळी नाव सरकारी पटावर होते, दुसऱ्या वेळी नव्हते.

राज्य आपले झाले तेव्हा मात्र सगळ्यांत कडक नियम आपल्याच सरकारने केला. 26 मे 1948 रोजी, म्हणजे राज्य जाहीर झाल्यावर बाराव्या दिवशी, सेनेच्या स्थापनेचा वटहुकूम निघाला. त्याच्या चौथ्या कलमाने सेनेबाहेर कोणतेही सशस्त्र दल काढण्यास वा ठेवण्यास मनाई केली. जूनमध्ये ‘आल्तालेना’ हे एत्झेलचे जहाज शस्त्रे घेऊन आले, तेव्हा बेन गुरियन यांनी त्याच्यावर तोफ डागायला लावली. त्या दिवसांत एत्झेलचे सोळा आणि सेनेचे तीन जवान मेले. भावाने भावावर गोळी झाडली, याबद्दल आजही आपल्या लोकांत दुःख आहे, वादही आहे. तरी एका देशात दोन सेना नकोत, हे तिथे ठरले. 1976 च्या सेनेविषयीच्या मूलभूत कायद्यात तेच तत्त्व पुन्हा लिहिले गेले: कायद्याने परवानगी दिल्याशिवाय सेनेबाहेर सशस्त्र दल नाही.

“कायद्याने परवानगी दिल्याशिवाय” हे शब्द महत्त्वाचे आहेत. दार बंद आहे, पण त्याला कडी आहे आणि ती उघडता येते.

ती कडी कशी उघडते, हे आपण 1974 साली पाहिले. एप्रिलमध्ये किर्यात श्मोना आणि मे महिन्यात मआलोत. मआलोतच्या शाळेत बावीस मुले गेली. त्या वेळी दायान हेच संरक्षणमंत्री होते. लोक आपण होऊन रात्री जागू लागले. सरकारने त्यांना अडवले नाही की मोकळेही सोडले नाही. जुलैमध्ये ‘मिश्मार एझराखी’ स्थापन करून त्यांना पोलिसांच्या हाताखाली घेतले. ते दिवस वाचकांना आठवत असतील: दोघादोघांची जोडी, दंडावर पट्टी, जुनी कार्बाइन, थर्मासमधला चहा. पहाटे गोळ्या मोजून परत करायच्या. त्या मोजणीचा आम्हाला तेव्हा कंटाळा येई. आज वाटते, नागरिकांचे दल आणि टोळी यांत फरक असतो तो त्या मोजणीचाच.

आपल्याला ही रीत नवी नव्हती. दंग्यांच्या काळात 6 डिसेंबर 1946 रोजी मुंबईत मोरारजी देसाई यांच्या पुढाकाराने होमगार्ड सुरू झाले. पुढच्याच वर्षी त्यासाठी कायदा झाला आणि कामावर बोलावलेल्या होमगार्डला पोलिसाचे अधिकार व संरक्षण मिळाले. लहानपणी त्यांचा खाकी गणवेश आपण सर्वांनी पाहिला आहे.

अंगणातल्या त्या तरुणांनी आमचे म्हणणे ऐकून घेतले आणि मग एकाने कळीचा प्रश्न केला, “पण मास्तर, 7 ऑक्टोबरला सरकार कुठे होते?” यावर आमच्याकडे सोपे उत्तर नाही. गाझालगतच्या काही गावांत किता कोनेनुत रीतसर होती, पण रायफली चोरीच्या भीतीने शस्त्रागारात कुलूपबंद होत्या. कफार आझामध्ये तिथवर पोचण्याच्या धडपडीत माणसे मारली गेली. नियम पाळूनही ती उघडी पडली. हा दोष नियम करणाऱ्यांचा आहे आणि त्यांना त्याचा जाब विचारलाच पाहिजे.

पण त्यावरचा उपाय परवान्यावाचून दल काढणे हा नव्हे. आज आपण आपली माणसे घेऊन निघालो, तर उद्या पलीकडच्या गल्लीतली माणसे त्यांची घेऊन निघतील आणि अंधारात कोण कोणाला ओळखणार? सरकारकडे हक्काने मागावे, मिळेपर्यंत मागत राहावे, आणि मिळाल्यावर हिशेब द्यावा. जाबोतिन्स्कींच्या वेळी सरकार परके होते. आज ते आपले आहे, म्हणून त्याच्याशी भांडता येते.

दुसऱ्या दिवशी ते तरुण पोलीस ठाण्यात नाव नोंदवायला गेले. आमचे वय आता गस्तीचे राहिले नाही. तरी पहाऱ्यावर निघताना थर्मास भरून न्यायला आमच्या घरी या, असे आम्ही त्यांना सांगून ठेवले आहे.