‘ती म्हणाली, अठरा पूर्ण आहेत’ : वयाच्या पुराव्याची दीडशे वर्षांची गोष्ट

१ जून उजाडला की फेसबुकवर अर्ध्या मित्रयादीचा वाढदिवस निघतो. कारण सगळ्यांना माहीत आहे. शाळेत नाव घालताना जन्मतारीख कुणाला आठवत नसायची, मग मास्तर १ जून लिहून मोकळे व्हायचे. आपण त्यावर हसतो. पण कागदावरचं वय आणि खरं वय यातल्या फरकावर एखाद्या पोरीचं अख्खं आयुष्य टांगलेलं असतं, तेव्हा हसू येत नाही.

आजचा विषय अवघड आहे, घराघरात टाळला जाणारा आहे. प्रौढांसाठीच्या ऑनलाइन व्हिडिओंचा धंदा, आणि त्यात कॅमेऱ्यासमोर येणाऱ्या माणसाचं वय तपासायची जबाबदारी नक्की कुणाची? पोस्ट मोठी आहे, पण मोबाईल हातात असलेली मुलं ज्यांच्या घरात आहेत त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

सुरुवात इंग्लंडपासून करू. १८७५ साली हेन्री प्रिन्स नावाच्या माणसावर खटला झाला. सोळा वर्षांखालच्या मुलीला बापाच्या परवानगीशिवाय घेऊन गेला, हा आरोप. मुलगी सोळा वर्षांखालचीच होती, पण दिसायला बरीच मोठी होती आणि तिने स्वतः अठरा सांगितलं होतं. त्याचा त्यावर विश्वास बसणं स्वाभाविक होतं, हे ज्युरीनेही मान्य केलं. तरी तो सुटला नाही. सोळा न्यायाधीश बसले होते, त्यातल्या एकानेच वेगळं मत दिलं. त्या काळच्या कायद्याला मुलीपेक्षा बापाचा हक्क मोठा वाटत होता, हे खरं. पण एक तत्त्व तिथे रुजलं: वयाचा अंदाज चुकला तर त्याची जोखीम अंदाज बांधणाऱ्याची, मुलीची नाही.

आता शंभर वर्षं पुढे, अमेरिकेत. १९७७ साली तिथे अल्पवयीनांना अश्लील चित्रीकरणात वापरण्याविरुद्ध केंद्रीय कायदा आला, तेव्हा मर्यादा होती सोळा. १९८४ साली ती अठरा झाली. आणि लगेच १९८६ साली बॉम्ब फुटला. कॅलिफोर्नियातल्या या धंद्यातली त्या वेळची एक गाजलेली अभिनेत्री जवळजवळ संपूर्ण कारकिर्दीत अल्पवयीन होती, हे उघड झालं. नाव सगळ्या जगाला माहीत आहे, मी इथे घेत नाही. खोट्या कागदांवर तिने वय वाढवून घेतलं होतं. दुकानदारांनी रातोरात कॅसेटी उचलल्या. निर्माते म्हणाले, आम्ही ओळखपत्र बघितलं होतं, आम्हीच फसलो!

इथे थोडं थांबा. फसले कोण? ज्यांनी पैसे कमावले ते ‘फसले’, आणि पंधरा-सोळा वर्षांची पोर ‘फसवणारी’ ठरली. तेव्हाच्या बातम्यांचा सूरही बऱ्याच अंशी असाच होता.

कोर्टांनी मात्र बारीक विचार केला. १९८८ साली अपील कोर्टाने सांगितलं की निर्मात्याला बचाव घेता येईल, पण मुलीचं खरं वय आपल्याला माहीत नव्हतं आणि वाजवी प्रयत्न करूनही कळलं नसतं, हे त्यानेच भक्कम पुराव्याने दाखवायचं. पुढे १९९४ साली, याच मुलीच्या कॅसेटी विकणाऱ्या दुकानदाराच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने विकणारा आणि चित्रीकरण करणारा यांत फरक केला. विकणाऱ्याला वयाची जाणीव होती हे सरकारने सिद्ध करावं. पण चित्रीकरण करणारा मुलीला समोरासमोर भेटतो, त्याच्याकडून वयाची खात्री करून घेण्याची अपेक्षा ठेवणं रास्त आहे. साधी गोष्ट आहे. जो समोर उभा आहे, त्याने विचारायचं आणि त्याने तपासायचं.

१९८८ सालीच तिथे नोंदवहीचा कायदाही आला. निर्मात्याने प्रत्येक कलाकाराचं ओळखपत्र बघायचं, खरं नाव, जन्मतारीख, आधी वापरलेली सगळी नावं लिहून ठेवायची. प्रत्येक प्रतीवर ही नोंद कुठल्या पत्त्यावर ठेवली आहे ते छापायचं. सरकारी माणूस तपासायला आला तर वही दाखवायची.

ऐकायला छान वाटतं, पण याला दुसरी बाजू आहे. त्या वहीत बायकांची खरी नावं असतात. वही चुकीच्या हातात पडली तर पाठलाग, धमक्या, ब्लॅकमेल. म्हणून हा कायदा वर्षानुवर्षं कोर्टात लढला गेला आणि २०१६ साली तिथल्या एका अपील कोर्टाने वॉरंटशिवाय येऊन वह्या तपासायची तरतूद घटनाबाह्य ठरवली. वय तपासणं गरजेचं, आणि तपासलेला कागद सांभाळणंही तेवढंच गरजेचं.

मग इंटरनेट आलं आणि सगळं विस्कटलं. आता निर्माता कोण? कुणीही मोबाईलवर शूट करतो, कुणीही अपलोड करतो. साइटवाले म्हणतात, आम्ही फक्त जागा दिली. पूर्वी समोर उभा असलेला माणूस होता, आता कुणीच समोर नाही.

डिसेंबर २०२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये निकोलस क्रिस्टॉफ यांचा लेख आला. पॉर्नहबवर अल्पवयीन मुलींचे व्हिडिओ कसे फिरतात आणि काढले तरी परत कसे येतात, यावर. पुढच्या काही दिवसांत व्हिसा आणि मास्टरकार्डने त्या साइटवरचे व्यवहार थांबवले. त्यानंतर साइटने ओळख न पटलेल्या खात्यांचे लाखो व्हिडिओ काढून टाकले, म्हणजे साठ्यातला मोठा हिस्सा गेला. इतक्या वर्षांच्या तक्रारींनी जे झालं नाही, ते पैशाचा नळ बंद केल्यावर आठवड्यात झालं.

२०२१ साली मास्टरकार्डने बँकांसाठी नवा नियम केला. अपलोड करणाऱ्याचंच नाही, तर व्हिडिओत दिसणाऱ्या प्रत्येकाचं वय आणि ओळख कागदोपत्री तपासलेली हवी. ‘प्रत्येकाचं’ हा शब्द महत्त्वाचा. कारण पळवाट तिथेच होती. खातं एकाच्या नावावर, त्याचे कागद स्वच्छ. सोबतची ‘पार्टनर’ कोण, किती वर्षांची, कुणी विचारलंच नाही.

हल्ली बातम्यांत वय तपासणीवर गदारोळ दिसतो, ब्रिटनचा नियम, टेक्सासचा कायदा. ते बघणाऱ्याच्या वयाबद्दल आहे. त्यावर वाद घाला, पण दिसणाऱ्याच्या वयाचा प्रश्न त्यात हरवू देऊ नका.

आता आपल्याकडे या. ‘आमचा कंटेंट पार्टनरशिपमध्ये आहे, करार आहे’ असं कुणी सांगत असेल तर आधी हे लक्षात घ्या, की लैंगिक कृत्याचं उघड चित्रण ऑनलाइन टाकणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे, सगळे सज्ञान असले तरी. त्यात कुणी अठराखालचं असेल तर पॉक्सो. कलम १४ खाली पहिल्याच गुन्ह्याला किमान पाच वर्षं. आणि पॉक्सोच्या कलम ३० प्रमाणे आरोपीचं मन दोषी होतं असं कोर्ट गृहीत धरतं, तसं नव्हतं हे त्यानेच सिद्ध करायचं. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे व्हिडिओ जवळ बाळगण्याबद्दलही कडक निकाल दिला, आणि ‘चाइल्ड पॉर्नोग्राफी’ हा शब्दच वापरू नका, हे मुलांचं शोषण आहे, असं बजावलं.

पण पोरीचं वय ठरतं कशावर? बाल न्याय कायद्यात क्रम दिला आहे. आधी शाळेचा किंवा मॅट्रिकचा दाखला, तो नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तर हाडांची तपासणी. तिच्यात दोन वर्षं इकडे-तिकडे होऊ शकतात. सोळा की अठरा, हाच प्रश्न असेल तर दोन वर्षांत सगळंच आलं. आणि आधार? ते जन्मतारखेचा पुरावा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केलं आहे.

म्हणजे गाडी फिरून मास्तरांच्या १ जूनवर येते. तेव्हा अंदाजाने लिहिलेली तारीख उद्या कोर्टात पहिला पुरावा म्हणून उभी राहते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच मुख्य पुरावा केला आहे, चांगलं आहे. पण आज जी मुलं चौदा-पंधरा-सोळाची आहेत, त्यांचं काय?

दोनच गोष्टी सांगतो. आपल्या मुलामुलींचे जन्मदाखले काढून ठेवा, शाळेच्या नोंदीशी ताडून बघा, चूक असेल तर आत्ताच दुरुस्त करा. आणि कुठेही असं प्रकरण कानावर आलं, की ‘तिनेच वय खोटं सांगितलं’ हे वाक्य बोलण्याआधी विचारा, पैसे कुणाला मिळाले? तपासायचं काम त्याचं होतं.

चाइल्डलाइनचा नंबर १०९८. सेव्ह करून ठेवा.