सीमेपलीकडचे प्रेक्षक : लाहोर, १९५५ आणि नंतर

भारत आणि पाकिस्तान यांच्यातील क्रिकेटविषयी विपुल लेखन झाले आहे. त्यात खेळाडूंची चरित्रे आहेत, मालिकांचे वृत्तांत आहेत, राजनैतिक डावपेचांची चर्चाही आहे. प्रेक्षक मात्र या लेखनात बहुधा पार्श्वभूमीसारखा येतो. त्याचा कोलाहल ऐकू येतो, चेहरा दिसत नाही. तो कोठून आला, कोणत्या परवान्यावर आला, सामना संपल्यावर कोठे गेला, हे प्रश्न क्वचितच विचारले गेले. या उपखंडाच्या इतिहासात तर या प्रश्नांना विशेष महत्त्व आहे. कारण येथे सामना पाहण्यासाठी ओलांडलेली सीमा ही अनेकांच्या बाबतीत स्वतःच्याच गावाच्या वेशीवर आखली गेलेली रेघ होती.

रॅडक्लिफ निवाडा १७ ऑगस्ट १९४७ रोजी जाहीर झाला आणि अमृतसर व लाहोर ही दोन जुळी म्हणावीत अशी शहरे दोन राष्ट्रांत विभागली गेली. त्यांच्यातील अंतर सुमारे ५० किलोमीटर. एकेकाळी सकाळी जाऊन संध्याकाळी परतावे इतके. स्थलांतराचा पहिला लोंढा ओसरल्यावर सरकारी यंत्रणेने ही वाट क्रमाक्रमाने आवळत नेली. १९४८ च्या जुलैमध्ये पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवाना आवश्यक ठरला. १९५२ च्या ऑक्टोबरात पारपत्र आणि व्हिसा यांची पद्धत सुरू झाली. म्हणजे फाळणीची रेघ एका दिवसात पक्की झाली नाही. ती कागदांनी, शिक्क्यांनी आणि कचेऱ्यांतील रांगांनी हळूहळू पक्की होत गेली. योगायोग असा, की त्याच १९५२ च्या ऑक्टोबरात अब्दुल हफीज कारदार यांच्या नेतृत्वाखाली पाकिस्तानचा संघ आपली पहिली कसोटी मालिका खेळण्यासाठी भारतात आला. सामान्य माणसाला दार बंद होत होते, तेव्हा खेळाडूंना ते उघडले जात होते.

या पार्श्वभूमीवर १९५५ चा लाहोर कसोटी सामना पाहिला पाहिजे. विनू मांकड यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ प्रथमच पाकिस्तानच्या दौऱ्यावर गेला होता. ढाका आणि बहावलपूर येथील सामने अनिर्णित राहिले होते. तिसरा सामना २९ जानेवारीला लाहोरच्या बाग-ए-जिनामध्ये, म्हणजे पूर्वीच्या लॉरेन्स गार्डन्समध्ये, सुरू झाला. या सामन्यासाठी भारतीय प्रेक्षकांना सीमा ओलांडण्याची खास मुभा देण्यात आली आणि सुमारे १०,००० माणसे वाघ्याच्या नाक्यावरून पलीकडे गेली. रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासात या प्रसंगाची दखल घेतली आहे. फाळणीच्या स्थलांतरानंतर इतक्या मोठ्या संख्येने माणसांनी ही सीमा ओलांडल्याची ती पहिलीच वेळ होती. पहिल्या वेळी माणसे जीव मुठीत धरून गेली होती. या वेळी ती हातात तिकीट घेऊन गेली.

सामना तसा नीरसच झाला. ती पाचही सामन्यांची मालिका अनिर्णित राहिली, आणि पाचही कसोटी सामने अनिर्णित राहण्याची क्रिकेटच्या इतिहासातील ती पहिलीच घटना ठरली. लाहोरच्या खेळात स्मरणात राहिला तो मुख्यतः एक क्षण. मकसूद अहमद शतकापासून एका धावेवर असताना सुभाष गुप्ते यांच्या फिरकीने चकले आणि यष्टिरक्षक नरेन ताम्हाणे यांनी त्यांना यष्टिचीत केले. मुंबईच्या या दोन खेळाडूंनी लाहोरकरांचा असा हिरमोड केला. तथापि त्यामुळे त्या चार दिवसांच्या सौहार्दाला तडा गेल्याचे दिसत नाही.

याचे कारण उघड आहे. आलेल्या प्रेक्षकांपैकी अनेकांच्या दृष्टीने क्रिकेट हे निमित्त होते. अमृतसर आणि त्याच्या आसपास स्थिरावलेल्या निर्वासितांत लाहोरातून उठून आलेली कुटुंबे होती. अशा माणसाला बाग-ए-जिनाचा रस्ता कोणी दाखवावा लागत नव्हता. ज्या शहराचा तो कालपर्यंत रहिवासी होता, तेथे तो आता पाहुणा म्हणून, मोजक्या मुदतीच्या परवान्यावर आला होता. जुन्या शेजाऱ्यांचे स्वागत, विशेषतः शीख प्रेक्षकांना मिळालेली आपुलकीची वागणूक, यांचा उल्लेख आवर्जून केला जातो. या आपुलकीत अपराधाची जाणीव किती होती आणि निखळ जिव्हाळा किती होता, हे वेगळे करणे अवघड आहे. बहुधा त्या माणसांनाही ते करता आले नसते.

याच जानेवारीतील आणखी एक तारीख साहित्याच्या अभ्यासकाला विसरता येत नाही. १८ जानेवारी १९५५ रोजी लाहोरमध्ये सादत हसन मंटो यांचे निधन झाले. सामना सुरू झाला तो त्यानंतर ११ दिवसांनी. मंटोंचे तारुण्य अमृतसरात गेले होते, उमेदीची वर्षे मुंबईत गेली होती आणि अखेरची सात वर्षे लाहोरात. त्यांच्या ‘टोबा टेकसिंग’ या कथेतील बिशनसिंग वाघ्याच्या सीमेवर, दोन देशांच्या मधल्या निनावी जमिनीवर कोसळतो. कोणत्याही बाजूला जाण्यास तो नकार देतो. त्याच नाक्यावरून मंटोंच्या मृत्यूनंतर दोन आठवड्यांच्या आत हजारो माणसे सामना पाहण्यासाठी गेली आणि परत आली. कथेतील नकार आणि इतिहासातील ही ये-जा परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः दोहोंच्या मुळाशी एकच व्यथा आहे : घर एका बाजूला आणि नागरिकत्व दुसऱ्या बाजूला.

ही व्यथा मैदानावरही उपस्थित होती. पाकिस्तानचे कर्णधार कारदार १९४६ मध्ये भारताच्या संघातून इंग्लंडमध्ये खेळले होते. अमीर इलाही आणि गुल महंमद हेही दोन्ही देशांकडून कसोटी खेळले. मुंबईकडून खेळणारे गुलाबराय रामचंद यांचा जन्म कराचीचा. फाळणीने त्यांना मुंबईकर केले. या मालिकेतील शेवटचा सामना कराचीत झाला, तेव्हा त्यांनी आपल्या जन्मगावात ४९ धावांत ६ बळी घेतले. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता, हे लक्षात घेतले तर मराठी वाचकालाही ही कथा केवळ पंजाबची वाटणार नाही.

तथापि लाहोरच्या त्या दिवसांवरून ‘क्रिकेटने मने जोडली’ असा सोपा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. सरकारांनी दार उघडले म्हणून माणसे गेली. दार बंद झाले तेव्हा त्यांच्या सद्भावनेला ते उघडता आले नाही. १९६०-६१ ची मालिका झाली आणि पुढे दोन युद्धे घडली. त्यानंतर १९७८ पर्यंत, १७ वर्षांहून अधिक काळ, दोन्ही देशांत कसोटी सामना झाला नाही. ऐंशीच्या दशकात शारजा हे तटस्थ केंद्र उदयास आले. तेथे दोन्ही देशांचे स्थलांतरित कामगार आणि व्यापारी एकाच मैदानात बसू लागले. पण त्यांच्यापैकी कोणीही दुसऱ्याच्या गावी आलेला नव्हता.

२००४ च्या मार्चमध्ये वाघ्याची वाट पुन्हा मोकळी झाली, तेव्हा हजारो भारतीयांना क्रिकेटसाठी व्हिसा मिळाले. दुकानदार आणि रिक्षावाले भारतीय पाहुण्यांकडून पैसे घेत नाहीत, अशा बातम्या त्या दिवसांत रोज येत होत्या. पाकिस्तानी क्रिकेट मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष शहरयार खान स्वतः भोपाळचे. म्हणजे यजमानही एका अर्थाने सीमा ओलांडून गेलेलाच होता. २४ मार्चच्या लाहोर येथील एकदिवसीय सामन्याला महंमद अली जिना यांच्या कन्या दीना वाडिया उपस्थित होत्या. फाळणीनंतर त्या पित्याच्या देशात स्थायिक झाल्या नाहीत. १९४८ मध्ये त्यांच्या अंत्यविधीसाठी मात्र गेल्या होत्या. आता अर्धशतकाहून अधिक काळानंतर त्या लाहोरला आल्या आणि पुढे कराचीत पित्याच्या समाधीपाशी गेल्या. राष्ट्रनिर्मात्याच्या कन्येलाही पित्याच्या समाधीपर्यंत पोहोचण्यासाठी क्रिकेटचे निमित्त लाभावे, याहून त्या सीमेचे स्वरूप अधिक स्पष्ट करणारा प्रसंग सापडणे कठीण आहे.

मात्र २००४ चा प्रेक्षक १९५५ चा नव्हता. पूर्वीचा प्रेक्षक आठवणीच्या शोधात गेला होता. नंतरचा प्रेक्षक बहुतांशी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टींच्या शोधात गेला. एकाला गल्ली ठाऊक होती, दुसऱ्याला तिचे नाव. पुढच्या वर्षी मोहालीच्या कसोटीसाठी पाकिस्तानी प्रेक्षक चंदीगडला आले, आणि त्यांतील कित्येकांची सोय तेथील रहिवाशांनी आपल्या घरी केली. ऋण फेडल्यासारखे ते आतिथ्य होते.

ते पर्व अल्पजीवी ठरले. २००८ च्या नोव्हेंबरातील मुंबईवरील हल्ल्यानंतर भारतीय संघाचा नियोजित दौरा रद्द झाला. २०११ च्या मोहालीतील विश्वचषक उपान्त्य सामन्याला दोन्ही पंतप्रधान आले आणि काही पाकिस्तानी प्रेक्षकांनाही व्हिसा मिळाले. २०२३ च्या विश्वचषकात अहमदाबादला संघ आला, परंतु त्याच्या मागून येणारा प्रेक्षकवर्ग जवळजवळ नव्हताच. २०२५ मध्ये चॅम्पियन्स करंडकाचे यजमानपद पाकिस्तानकडे असूनही भारताचे सामने दुबईत झाले. आणि त्याच वर्षीच्या वसंतात, पहलगाम येथील हत्याकांडानंतर, अटारी-वाघ्याचा नाकाच बंद करण्यात आला.

खेळ या सर्व काळात चालूच राहिला. प्रक्षेपणाने तो घरोघरी पोहोचविला आणि त्याचे प्रेक्षक कोटींच्या घरात गेले. पण चित्रपटलावरचा प्रतिस्पर्धी पाहणे आणि त्याच्या शहरात, त्याच्या शेजारच्या बाकावर बसून सामना पाहणे, यांत मूलभूत अंतर आहे. दुसऱ्या प्रकारच्या प्रेक्षकाला संध्याकाळी जेवायचे असते, रस्ता विचारायचा असतो, मुक्काम शोधायचा असतो; आणि या क्षुल्लक गरजांतून परका माणूस त्याला माणूस म्हणून भेटतो. १९५५ च्या त्या १०,००० प्रेक्षकांनी इतिहासाची दिशा बदलली नाही; दहा वर्षांनी त्याच लाहोर आघाडीवर युद्ध झाले. तरीही त्यांची नोंद राहिली पाहिजे. ज्या रस्त्याने निर्वासितांचे काफिले गेले आणि पुढे रणगाडे गेले, त्या रस्त्याने मधल्या एका हिवाळ्यात माणसे सामना पाहण्यासाठी गेली होती आणि सुखरूप परतली होती, हेही त्या रस्त्याच्या इतिहासात लिहिलेले असावे.