एक बर्थ, दोन वह्या

रेल्वेचे आरक्षण संगणकावर जाण्यापूर्वी खिडकीमागे जाडजूड रजिस्टरे असत. गाडी आणि तारीख पाहून पान उघडायचे, बर्थसमोर प्रवाशाचे नाव लिहायचे, की ती जागा गेली. वही एकच असेल तर यात काही कठीण नाही. पण लांब पल्ल्याच्या गाडीत जागा हवी असणारे लोक वाटेवरच्या अनेक स्टेशनांवर असतात. प्रत्येक ठिकाणी त्याच डब्याची वही ठेवली, तर एकच बर्थ दोघांना विकला जाणार!

रेल्वेने काढलेला तोडगा म्हणजे कोटा. अमुक बर्थ या स्टेशनचे, तमुक त्या स्टेशनचे. कोटा म्हटले की आपल्याला सरकारी खाक्या आठवतो. पण नोंदींच्या दृष्टीने ही युक्ती नामी होती. प्रत्येक बर्थची नोंद एकाच वहीत, त्यामुळे कारकुनाला कोणालाच विचारायला नको. किंमत मात्र मोजावी लागे. एका स्टेशनचे बर्थ रिकामे राहत आणि दुसरीकडे रांग परत जाई.

खरी पंचाईत परतीच्या प्रवासाची. मुंबईहून मद्रासला जाणाऱ्याला परतीचा बर्थ हवा असेल, तर मद्रासला तार जाई. समजा, उत्तर आले नाही. याचे अर्थ तीन. तार पोचलीच नाही. पोचली, पण अजून कोणी पाहिली नाही. किंवा जागा राखली गेली, पण उत्तराची तार वाटेत हरवली. मुंबईच्या खिडकीवरून तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. पुन्हा तार करावी, तर तिसऱ्या शक्यतेत एका माणसासाठी दोन बर्थ अडतील. न करावी, तर बिचारा सामानसुमान, मुलेबाळे घेऊन परगावी अडकेल.

हा दोष तारखात्याचा नव्हे. जिम ग्रे या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने १९७८ साली दोन सेनापतींच्या कोड्यातून हेच मांडले. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच विजय. पण मधल्या दरीतून जाणारा निरोप्या पकडला जाऊ शकतो. निरोप पोचल्याची पोच हवी, त्या पोचेचीही पोच हवी, आणि याला शेवट नाही. वर्गात करून पाहा. व्हरांड्याच्या दोन टोकांना दोन मुले बसवा, चिठ्ठ्या नेणाऱ्याला मधूनच एखादी खिशात घालायला सांगा. दोघांची पूर्ण खात्री पटेल असा नियम मुलांना सापडतो का, ते बघा. सापडणार नाही.

मग संगणकाने काय केले? दिल्लीत १९८५ साली संगणकीय आरक्षणाचा प्रयोग सुरू झाला. मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद येथेही केंद्रे झाली. प्रत्येक केंद्राची नोंदवही मात्र वेगळी होती. ती जोडण्यासाठी रेल्वेच्याच ‘क्रिस’ या संस्थेने ‘कॉन्सर्ट’ ही प्रणाली तयार केली. ती १९९४ मध्ये सिकंदराबादला सुरू झाली आणि एप्रिल १९९९ पर्यंत पाचही केंद्रे जोडली गेली.

पाच ठिकाणी पाच नकला ठेवून त्या जुळवत बसण्याचा मार्ग येथे घेतला नाही, हे मला फार शहाणपणाचे वाटते. गाडीची नोंद एकाच केंद्रात राहते. दुसऱ्या केंद्राच्या खिडकीवरची मागणी तारेने तेथे जाते आणि उत्तर घेऊन येते. निरोप हरवण्याचा धोका येथेही आहेच. म्हणून अशा प्रणालींत प्रत्येक मागणीला स्वतंत्र क्रमांक देतात. तोच क्रमांक पुन्हा आला, तर नवा बर्थ न देता आधीचेच उत्तर परत पाठवायचे. तारेने पाठवलेल्या मागणीला हा उपाय लावणे अशक्य नव्हते. पण शेकडो तारांमधून जुना क्रमांक शोधायला कारकुनाला वेळ कुठला?

एका वहीची किंमतही आहे. ते केंद्र बंद पडले, तर त्याच्या गाड्यांचे आरक्षण सगळीकडेच थांबते. आणि कोटे? ते गेले नाहीत. वह्या जुळवण्यासाठी त्यांची गरज उरली नाही; पण सगळे बर्थ पहिल्याच स्टेशनवर संपले, तर मधल्या गावच्या प्रवाशांनी काय करायचे, हा प्रश्न संगणकाला सुटणारा नव्हता.