तारखेवर भिस्त

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने तिथे संशोधन मंडळ उभे राहिले. गावोगाव हिंडून राजवाड्यांनी मराठेशाहीचे कागद जमवले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला. असे कागद वाचताना अभ्यासकाला अडवते ती तारीख. कित्येक पत्रांवर दिवस असतो, महिना असतो, साल मात्र नसते. कधी हाती येते ती मागाहून केलेली नक्कल: कागद नवा, मजकूर जुना. म्हणून मजकूर तपासून, दुसऱ्या पत्रांशी ताडूनच काळ ठरवावा लागतो.

कागदावरच्या तारखेवर विसंबू नये, हा धडा संगणकाच्या जगालाही गिरवावा लागला. त्याचीच ही हकिकत.

मोठा प्रोग्रॅम एका फाईलीत मावत नाही. तो अनेक फाईलींत लिहितात. प्रत्येक फाईल यंत्राच्या भाषेत उतरवायची, म्हणजे कंपाईल करायची, आणि मग सगळे तुकडे सांधून चालता प्रोग्रॅम तयार करायचा. या सगळ्या कामाला ‘बिल्ड’ म्हणतात. १९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीत स्टीव्ह जॉन्सन हे संगणकतज्ज्ञ एके दिवशी वैतागून आपले सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्याकडे आले. त्यांची अख्खी सकाळ एका चुकीच्या शोधात वाया गेली होती. वास्तविक ती चूक आधीच दुरुस्त झाली होती. दुरुस्त केलेली फाईल पुन्हा कंपाईल करायची तेवढी राहिली होती. यंत्र बिचारे जुनाच तुकडा चालवत होते. फेल्डमन यांची आदली संध्याकाळ अशाच घोळात गेली होती. त्या शनिवार-रविवारी त्यांनी एक साधन लिहून काढले. त्याचे नाव ‘मेक’.

‘मेक’ची रीत आपल्या खानदेशी भरितावरून चटकन समजेल. भरिताला भाजलेली वांगी हवीत आणि मिरची-लसणाचा ठेचा हवा. भरीत कालवून झाल्यावर कोणी नवा ठेचा कुटला, तर भरीत पुन्हा कालवायचे. पण वांगी पुन्हा कपाशीच्या काड्यांवर भाजायला नकोत. कशाला काय लागते, हे एकदा ‘मेकफाईल’मध्ये लिहून ठेवले की जेवढे बदलले तेवढ्यापुरतेच काम ‘मेक’ करते. केवढी वेळेची बचत!

पण ठेचा नवा आहे हे त्याला कळते कसे? चव घेऊन नव्हे. प्रत्येक फाईलीवर ती शेवटची केव्हा बदलली याची वेळ नोंदलेली असते. ‘मेक’ तेवढेच पाहते. घटक मालापेक्षा नवा दिसला तर काम करायचे, नाहीतर ‘सगळे अद्ययावत आहे’ म्हणून हात झटकायचे.

आणि इथेच गंमत सुरू होते. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षे जळगाव-धुळ्याचे लोक विसरलेले नाहीत. संगणकाच्या आत घड्याळ चालू ठेवणारी एक छोटी बॅटरी असते. ती संपली असेल, तर वीज परत आल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागचे साल दाखवते. अशा यंत्रावर फाईल दुरुस्त केली की तिच्यावर जुनी तारीख पडते. ‘मेक’ला वाटते, काही बदललेच नाही. मुलगा दहा वेळा दुरुस्ती करतो आणि दहा वेळा तीच चूक पडद्यावर उभी राहते. तो आपल्या बुद्धीला दोष देतो. दोष असतो घड्याळाचा.

आणखी एक घोटाळा नावाचा. जुने तुकडे पुसून टाकण्याच्या आज्ञेला बहुधा ‘क्लीन’ म्हणतात. त्याच जागी कोणी ‘क्लीन’ नावाची फाईल ठेवली, की ‘मेक’ म्हणते, ‘ही तर तयारच आहे,’ आणि काहीच पुसत नाही. ‘क्लीन’ ही नुसती आज्ञा आहे, फाईल नव्हे, असे त्याला लिहून द्यावे लागते.

तिसरी तऱ्हा टॅबची. मेकफाईलमध्ये आज्ञेच्या ओळीआधी टॅबच लागतो. तेवढीच मोकळी जागा स्पेसने सोडली तर काम अडते. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. फेल्डमन यांनी पुढे सांगितले की ही अडचण लवकरच ध्यानात आली होती, पण तोवर डझनभर लोक ते साधन वापरू लागले होते. त्यांची गैरसोय नको म्हणून नियम तसाच ठेवला. त्या डझनभरांसाठी जपलेला नियम पुढे जगभरच्या प्रोग्रॅमरांना पाळावा लागला. २००३ साली याच ‘मेक’साठी फेल्डमन यांना संगणकशास्त्राच्या एसीएम या संस्थेचा पुरस्कार मिळाला.

जुने आणि नवे मिसळले तर बिघडते काय? १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेच्या शेअर बाजारातल्या नाइट कॅपिटल या पेढीने ते अनुभवले. आठ सर्व्हरांपैकी सातांवर नवा प्रोग्रॅम चढला, आठव्यावर जुनाच राहिला. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. तिथे ‘मेक’चा दोष नव्हता, माणसाच्या हातून एक सर्व्हर सुटला होता. पण रोग तोच: सगळे नवे आहे हे गृहीत धरले गेले, पडताळले गेले नाही.

अलीकडची काही साधने तारीख बाजूला ठेवून फाईलीतला मजकूरच तपासतात. मजकुरावरून एक ठसा काढायचा, ठसा बदलला तरच काम करायचे. ‘मेक’ मात्र आजही ठिकठिकाणी राबते आहे. आपल्याकडून संगणक शिकून पुण्या-बंगळुरूला जाणाऱ्या मुलामुलींना ते भेटणारच. ते अनपेक्षित वागले तर ‘यंत्र बिघडले’ म्हणण्याची घाई नको. ‘तू काय करणार आहेस ते न करता नुसते सांग,’ असे विचारण्याची सोय त्यात आहे. ती वापरावी, उत्तर वाचावे आणि घड्याळ बघावे. यंत्र लहरी नसते. ते आपणच दिलेला आणि विसरलेला नियम पाळत असते.