गिराहची विधवा : एका चेटकिणीचे पुनर्वाचन

जावामध्ये अकराव्या शतकातील एरलंग राजाच्या काळाशी जोडलेली एक कथा प्रचलित आहे. तिची १५४० सालची एक प्रत उपलब्ध आहे. गिराह गावात चालोन आरांग नावाची विधवा राहत होती. तिच्या मंत्रविद्येच्या धाकाने तिच्या मुलीला, रत्ना मांगालीला, कोणी मागणी घालीना. संतापलेल्या आईने राज्यात रोगराई पसरवली. सैन्य हरले तेव्हा भराड ऋषींनी आपला शिष्य बाहुला याचे लग्न रत्नाशी लावून दिले, त्याच्याकरवी विधवेचा ग्रंथ मिळवला आणि तिला ठार केले. पुढे मोक्षाचा उपदेश देता यावा म्हणून तिला जिवंत करून पुन्हा मारले. म्हणजे उद्धारासाठीही तिचे मरणच हवे होते!

बालीच्या नाट्यपरंपरेत हिचीच रांग्दा झाली. सुळे बाहेर आलेल्या, लोंबत्या स्तनांच्या या राक्षसीच्या नावाचा मूळ अर्थ केवळ 'विधवा', आणि त्याचे मूळ संस्कृत 'रंडा'. हाच शब्द मराठीत शिवी कसा झाला, हे आपल्याला वेगळे सांगावयास नको.

प्रामुद्या अनंता तूर यांच्यासारख्या बंडखोर लेखकानेही विसाव्या शतकाच्या मध्यास ही कथा नव्याने सांगताना तिला खलनायिकाच ठेवले. १९६५ मध्ये सेनाधिकाऱ्यांच्या हत्येनंतर 'गेरवानी' या स्त्रीसंघटनेच्या सदस्यांनी नग्न नाचून त्यांच्या देहांची विटंबना केल्याचा प्रचार झाला. शवविच्छेदनात तसे काहीही आढळले नव्हते. तरीही संघटना चिरडली गेली. चेटकिणीचा साचा तयारच होता. त्यात बसवायला फक्त नवी नावे हवी होती.

या पार्श्वभूमीवर, सुहार्तो पायउतार झाल्यानंतर दोन वर्षांनी, २००० साली, तत्त्वज्ञ-कवयित्री तोएती हेराती (१९३३–२०२१) यांचे 'चालोन आरांग' हे दीर्घ काव्य प्रसिद्ध झाले. १९७९ मध्ये त्यांनी कवयित्रींचा एक संग्रह संपादित केला होता. त्याच्या शीर्षकात सुपारीची फोड आणि विड्याचे पान आहे, म्हणजे सौजन्याचा मान राखलेला आहे. इथे मात्र हे सौजन्य बाजूला ठेवलेले दिसते. 'पितृसत्तेला बळी पडलेल्या स्त्रीची कथा' असे उपशीर्षक देऊन हेराती पुराव्याचा भार चेटकिणीवरून तिला चेटकीण ठरवणाऱ्यांवर टाकतात.

उपशीर्षकातला 'बळी' हा शब्द मला मात्र खुपतो. राजाच्या सैन्याला परतवणाऱ्या बाईला निव्वळ बळी म्हटले की तिचा क्रोध पुन्हा तिच्या हातून निसटतो. आणि जुन्या कथेने, हेतू काहीही असो, निदान तो क्रोध तरी तिच्याकडे राहू दिला होता.