एका पोथीतले तीन प्रदेश

१/ फ्रेंच, फ्लेमिश, इटालियन... चित्रशैलीला आपण सहज प्रदेशाचे नाव देतो. परंतु मध्ययुगाच्या अखेरची एक विख्यात सचित्र पोथी उघडली, की ही नावे अपुरी पडू लागतात. आजचा धागा त्या पोथीविषयी.

२/ ‘त्रे रिश उर’ हे दिवसाच्या ठरावीक प्रहरी म्हणावयाच्या ख्रिस्ती प्रार्थनांचे पुस्तक. फ्रान्सच्या राजघराण्यातील बेरीचा ड्यूक ज्याँ याच्यासाठी सुमारे १४११-१२ मध्ये त्याचे काम सुरू झाले. आज ते शाँतियी येथील काँदे संग्रहालयात आहे. मग ते फ्रेंचच म्हणायचे ना?

३/ चितारी मात्र फ्रेंच नव्हते. पॉल, हर्मन आणि यान हे लिम्बुर्ग बंधू आजच्या नेदरलँड्समधील नाइमेखेनचे. १३९९ मध्ये पॅरिसला साथ आली, तेव्हा तेथे सोनाराकडे उमेदवारी करणारे हर्मन आणि यान घराकडे निघाले. वाटेत ब्रुसेल्सला ते कैद झाले. कारण त्यांचा मुलूख आणि ब्राबांट यांच्यात वैर होते.

४/ विधवा आईला खंडणी भरणे शक्य नव्हते. त्यांचे मामा ज्याँ मालुएल हे बर्गंडीच्या ड्यूकचे दरबारी चित्रकार. अखेर त्या ड्यूकने ५५ सुवर्णमुद्रा भरून मुलांना सोडवले. ती रक्कम भरली गेली नसती, तर ही पोथी कदाचित घडलीच नसती.

५/ आता चित्रे पाहू. फेब्रुवारीच्या पानावर बर्फाने झाकलेली छपरे, कोंडवाड्यातील मेंढ्या, शेकोटीपाशी बसलेले शेतकरी. रोजच्या जगण्याकडे इतक्या बारकाईने पाहणे ही उत्तरेची देणगी. मंदिराच्या पायऱ्यांच्या प्रसंगाची मांडणी मात्र फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमधील ताद्देओ गाद्दीच्या भित्तिचित्राशी जुळते. भिंत जागची हलत नाही. परंतु चितारी आणि त्यांची रेखाटने प्रवास करतात.

६/ १४१६ मध्ये ड्यूक वारला. तिन्ही बंधूही त्याच वर्षापर्यंत निवर्तले. पोथी अपुरी राहिली. सुमारे १४८५ मध्ये साव्हॉयच्या ड्यूकसाठी बूर्झच्या ज्याँ कोलोंबने ती पूर्ण केली.

७/ फेब्रुवारीच्या शेजारी कोलोंबचा नोव्हेंबर ठेवा. डुकरांसाठी ओकची फळे पाडणारा गुराखी तेथे दिसतो. लिम्बुर्गांच्या सडपातळ आकृती आणि नितळ रंग येथे नाहीत. देह भरदार, कपड्यांवर सोनेरी रेषांची चमक. हा बूर्झचा हात.

८/ म्हणजे प्रादेशिक वळण खरे असते. पण ते सरहद्दीच्या आत बसून राहत नाही. या काळातील दरबारी चित्रकलेला अभ्यासक ‘आंतरराष्ट्रीय गॉथिक’ म्हणतात, ते याचसाठी.

९/ यापुढे चित्राखाली ‘फ्रेंच शैली’ अशी पाटी दिसली, तर तीन प्रश्न अवश्य विचारा : चितारी कुठला? पैसा कोणाचा? नमुना कुठून आला? अनेकदा तीन उत्तरे तीन दिशांना नेतील.

#इतिहास #चित्रकला #धागा