हस्तलिखित भित्तिपत्रक आणि महाविद्यालयीन निवडणूक : श्रीरामपूरच्या संदर्भात एक टिपण

महाराष्ट्रातील विद्यार्थी चळवळीसंबंधीचे लेखन प्रामुख्याने ठराव, मोर्चे आणि नेतृत्व यांभोवती फिरताना दिसते. निवडणुकीच्या काळात एका विद्यार्थ्याने इतर विद्यार्थ्यांना उद्देशून भिंतीवर जो कागद लावला, त्याकडे इतिहासाचे साधन म्हणून क्वचितच पाहिले गेले. वास्तविक, महाविद्यालयात मतदार कोणाला मानले जात होते, या प्रश्नाचे उत्तर त्या कागदात दडलेले आहे.

बेलापूर रेल्वे स्थानकाभोवती वाढलेले श्रीरामपूर हे प्रवरेच्या कालव्यांचे, ऊस व साखरेचे शहर होय. रयत शिक्षण संस्थेचे येथील महाविद्यालय १९६० साली स्थापन झाले व त्यास रावबहादूर नारायणराव बोरावके या ऊस बागायतदाराचे नाव देण्यात आले. अशा बागायती पट्ट्यातील महाविद्यालयांत आसपासच्या खेड्यांतून सायकलने व एस.टी.ने येणारा विद्यार्थी मोठ्या संख्येने असे. त्याला उमेदवाराचे नाव जाता-येता, लांबूनच वाचता यावे लागे. १० फूट अंतराला किमान १ इंच उंचीचे अक्षर, हा फलक रंगविणाऱ्या पेंटरांचा ठोकताळा येथे उपयोगी पडत असे. देवनागरीत तर अडचण अधिक. शिरोरेषेवर वेलांटी व मात्रा, खाली उकार, शिवाय जोडाक्षरे. दोन ओळींत पुरेशी जागा न सोडल्यास वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो आणि नाव वाचलेच जात नाही. त्यामुळे कार्डशीटवर नाव मोठे, पद त्याहून लहान, आणि आश्वासन एकच ठेवणे हिताचे ठरे. सपाट ब्रश, दोन रंग आणि चिकटविण्यासाठी कणकेची खळ, एवढ्यावर काम भागे. ज्याचे अक्षर चांगले, त्या मित्राला या दिवसांत उमेदवाराइतकेच महत्त्व येई, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

१९८९ साली मुंबईत एका विद्यार्थी नेत्याची हत्या झाली आणि महाविद्यालयीन निवडणुकांतील हिंसाचाराचा प्रश्न ऐरणीवर आला. पुढे महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम १९९४ ने प्रत्यक्ष निवडणुकीऐवजी गुणवत्तेवर आधारित पद्धती आणली. प्रत्येक वर्गातून मागील परीक्षेतील गुणानुक्रमे एक प्रतिनिधी, तसेच क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना, राष्ट्रीय छात्रसेना, सांस्कृतिक कार्य यांतून प्राचार्यांनी नामनिर्देशित केलेले विद्यार्थी व दोन विद्यार्थिनी, यांचे मंडळ बने आणि तेच आपल्यातून सचिव निवडत. याचा भित्तिपत्रकावर झालेला परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. मतदार शेकड्यांवरून काही डझनांवर आले. इतक्या थोड्या जणांना भिंतीवरून आवाहन कोण करील? प्रत्येकास घरी जाऊन भेटणे सोपे, आणि त्याला मतदानापर्यंत दुसऱ्या गटापासून दूर ठेवणे त्याहून परिणामकारक. मतदार प्रतिनिधींच्या पळवापळवीच्या तक्रारी या पद्धतीत ऐकू येऊ लागल्या, यात नवल नाही. हिंसाचार रोखण्याचा हेतू रास्त होता. परंतु प्रचार उघड्या भिंतीवरून उठून बंद खोलीत गेला, ही त्याची किंमत होती.

माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी लागू केल्या. छापील भित्तिपत्रके व पत्रके निषिद्ध ठरली. हस्तनिर्मित भित्तिपत्रकांस ५,००० रुपयांच्या खर्चमर्यादेत आणि आधी ठरवून दिलेल्या जागीच मुभा मिळाली. पैशाचे प्राबल्य रोखण्यासाठी हाताच्या अक्षराचा आधार घेण्याची ही कल्पना मोठी अर्थपूर्ण आहे. मात्र हस्तनिर्मित कशास म्हणावे, हा प्रश्न उरतोच. मे १९६८ मध्ये पॅरिसच्या कलाविद्यालयात विद्यार्थ्यांनी स्क्रीन प्रिंटिंगने काढलेली भित्तिपत्रके या नियमात बसली असती काय? प्रत्येक प्रत हातानेच ओढलेली असते, पण ती छापीलही असते. प्रस्तुत लेखकाच्या मते येथे तंत्रापेक्षा खर्च हाच निकष असावयास हवा.

विरोधाभास असा की, हा नियम आला तेव्हा महाराष्ट्रातील सर्वसाधारण विद्यार्थ्याला मतच नव्हते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात हाताने रंगविलेल्या भव्य भित्तिपत्रकांची परंपरा टिकली. येथे अशा परंपरेस निवडणुकीचे निमित्तच उरले नाही. दरम्यान चौकातील प्रचार फ्लेक्सवर गेला. तेथे अक्षरापेक्षा छायाचित्र मोठे झाले. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ ने प्रत्यक्ष निवडणुकीची तरतूद पुन्हा केली. तथापि २०१९ साली जाहीर झालेला कार्यक्रम विधानसभा निवडणुकीच्या कारणाने पुढे ढकलण्यात आला.

१९९४ पूर्वीचे हे कागद खळीने चिकटविले जात व पावसात गळून पडत, म्हणून मूळ प्रती मिळण्याची आशा थोडीच. महाविद्यालयांच्या वार्षिक अंकांत विजयी प्रतिनिधींची छायाचित्रे मिळतात. त्यांच्या मागे एखादी भिंत आली असेल तर ती काळजीपूर्वक पाहावी. श्रीरामपुरातील जुन्या छापखान्यांच्या कामाच्या वह्या, निवृत्त पेंटर आणि त्या काळचे माजी विद्यार्थी यांच्याकडून तोंडी माहिती गोळा करण्याचे काम इतिहास व मराठी विभागांना संयुक्तपणे हाती घेता येईल. त्या पिढीचे माजी विद्यार्थी आज साठीच्या आसपास वा त्यापुढे आहेत.